माहितीचे जतन : साठवणुकीतील अतिरिक्ततेचे शास्त्र

चंडीगड शहराच्या सेक्टर १० मध्ये ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले शासकीय संग्रहालय व कलावीथी आहे. ६ मे १९६८ रोजी ते लोकांस खुले झाले. तेथील गांधार शिल्पांचा व पहाडी लघुचित्रांचा मोठा भाग मूळचा लाहोरच्या संग्रहालयातील होय. फाळणीनंतर, एप्रिल १९४८ मध्ये, त्या संग्रहाची वाटणी करण्यात आली. साठ टक्के वस्तू पाकिस्तानकडे राहिल्या व चाळीस टक्के पूर्व पंजाबच्या वाट्यास आल्या. भारतात आलेल्या वस्तू काही वर्षे निरनिराळ्या गावी काढून अखेर या नव्या शहरात स्थिरावल्या.

मूर्तीची वाटणी करावयाची तर ती एकाच्या हाती जाते आणि दुसरा तिला मुकतो. मूर्तीची प्रतिकृती घडविता येईल; पण प्रतिकृती म्हणजे ती मूर्ती नव्हे. लिखित नोंदीची गोष्ट याहून अगदी वेगळी आहे. जमिनीचा उतारा, रुग्णाची चिकित्सापत्रिका, पावसाच्या मापनाचा तक्ता किंवा एखाद्या जीवाणूच्या जनुकांतील अक्षरांचा क्रम यांची प्रत काढून दिली असता मूळ धन्याजवळचे काहीच उणे होत नाही, आणि प्रत मुळाइतकीच कामाची ठरते. माहिती या पदार्थाचा हा विशेष गुण आहे. तो ज्यांना नीट उमगला त्यांनी आपल्या नोंदी आगीतून, पुरातून व मनुष्याच्या चुकीतूनही वाचविल्या आहेत. ज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला नाही, त्यांच्या नोंदी मूर्तीसारख्याच एका घावाने भंगल्या आहेत.

आवश्यकतेहून अधिक साठवण, अधिक मार्ग आणि अधिक खुणा मुद्दाम राखून ठेवणे, की ज्यायोगे काही भाग निकामी झाला तरी माहिती शाबूत राहील व मागेल त्या वेळी हाती येईल, या योजनेस अतिरिक्तता म्हणतात. नावावरून ती उधळपट्टी वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात किती अतिरिक्तता ठेवावी, कोणत्या प्रकारची ठेवावी आणि कोठे ठेवावी, याचे चोख गणित आहे. त्या गणिताची ओळख या पुस्तिकेत करून देण्याचा हेतू आहे.

सेक्टर ३९ मधील कुपी

त्याच चंडीगड शहरात, सेक्टर ३९ मध्ये, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९८४ साली स्थापन झाली. १९८६ साली तेथे सूक्ष्मजीवांचा एक संग्रह सुरू करण्यात आला. जीवाणू, बुरशी, यीस्ट अशा हजारो वाणांचे हे जिवंत ग्रंथालयच म्हणावयास हवे. ४ ऑक्टोबर २००२ पासून बुडापेस्ट करारान्वये या संग्रहास आंतरराष्ट्रीय ठेव-संस्थेचा दर्जा आहे. भारतात हा मान प्रथम त्यास मिळाला. एखाद्या सूक्ष्मजीवावर आधारलेल्या शोधाचे एकस्व मागणाऱ्यास केवळ वर्णन लिहून भागत नाही, कारण शब्दांवरून जीवाणू उत्पन्न करता येत नाही. त्याला तो वाण अशा संस्थेत ठेव म्हणून द्यावा लागतो. ही ठेव निदान ३० वर्षे सांभाळली पाहिजे, आणि नमुन्याची शेवटची मागणी आल्यानंतर आणखी निदान ५ वर्षे ती उपलब्ध राहिली पाहिजे, असा त्या करारातील नियम आहे.

तीस वर्षे हा काळ लहान नव्हे. एवढ्या अवधीत शीतपेट्या बिघडतात, वीज जाते, कर्मचारी निवृत्त होतात. म्हणून जगातील अशा संग्रहांनी आपसांत एक शिरस्ता ठरविला आहे. प्रत्येक वाण निदान दोन भिन्न पद्धतींनी राखावा, उदाहरणार्थ गोठवून व निर्वातात सुकवून काचेच्या बंद कुपीत एक, आणि अतिशीत अवस्थेत दुसरा. तसेच महत्त्वाच्या वाणांचा दुसरा संच शक्य तर निराळ्या जागी असावा. येथे दोन कल्पना आहेत व त्या वेगवेगळ्या आहेत, याकडे वाचकाने लक्ष द्यावे. पहिली, एकापेक्षा अधिक नमुने. दुसरी, ते नमुने एकाच कारणाने नष्ट होऊ नयेत अशी तजवीज. वीज खंडित झाली तर अतिशीत पेटीतील नमुना धोक्यात येईल. सुकविलेल्या कुपीस त्याचे सोयरसुतक नाही.

आज जीवाणूबरोबरच त्याच्याविषयीची माहितीही जपावी लागते, आणि ती संगणकावर असते. जनुकक्रमांची माहिती जगात तीन मोठ्या केंद्रांत साठविली जाते : एक अमेरिकेत, एक युरोपात व एक जपानमध्ये. ही तिन्ही केंद्रे आपापल्याकडे आलेल्या नोंदींची दररोज देवाणघेवाण करतात, त्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी दिलेली नोंद लवकरच तिन्ही ठिकाणी सापडते. भारतात हरियाणातील फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. त्याची साठवणक्षमता त्या वेळी सुमारे ४ पेटाबाइट, म्हणजे एक हजार गिगाबाइटांच्या चार हजार तबकड्या भरतील इतकी, सांगण्यात आली. या केंद्राचे आपत्तीप्रसंगी उपयोगी पडणारे दुसरे स्थान भुवनेश्वर येथे, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रात, योजिले आहे. फरिदाबाद व भुवनेश्वर यांत हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. एवढे अंतर ठेवण्याचे कारण पुढे येईल.

प्रतींचे गणित

संगणकाच्या फिरत्या तबकड्या हे यंत्र आहे आणि यंत्र केव्हा तरी बंद पडणारच. मोठ्या संख्येने तबकड्या वापरणाऱ्यांचा अनुभव असा की, वर्षाकाठी शेकडा एक-दोन तबकड्या निकामी होतात. हिशेबाकरिता शेकडा दोन धरू. एका शाळेने आपल्या सर्व नोंदी एकाच तबकडीवर ठेवल्या, तर वर्षभरात त्या गमावण्याचा संभव १०० त २ एवढा होतो. दोन तबकड्यांवर एकेक प्रत ठेवली व दोन्हींचे बिघाड परस्परांशी संबंध नसलेले असले, तर दोन्ही एकाच वर्षात जाण्याचा संभव १०,००० त ४. तीन प्रती ठेवल्यास १० लाखांत ८. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर धोका पन्नासपट कमी होतो.

परंतु या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व ती शहाणपणाची नाही. एक तबकडी निकामी झाली तरी वर्षभर कोणी तिकडे पाहिलेच नाही, असे येथे मानले आहे. समजा, दोनच प्रती आहेत. पण एक तबकडी बिघडताच तीन दिवसांच्या आत नवी बसवून तिच्यावर शिल्लक प्रतीवरून नक्कल उतरविली जाते. आता धोका केवळ त्या तीन दिवसांपुरता उरतो. दोहोंपैकी कोणती तरी एक तबकडी वर्षात बिघडण्याचा संभव सुमारे १०० त ४. त्यानंतरच्या तीन दिवसांतच दुसरी बिघडण्याचा संभव, १०० त २ चा ३६५ त ३ हिस्सा, म्हणजे लाखात सुमारे १६. या दोहोंचा गुणाकार १० लाखांत ६ ते ७ इतका येतो. म्हणजे लक्ष ठेवलेल्या दोन प्रती, दुर्लक्षित तीन प्रतींपेक्षा किंचित का होईना, अधिक सुरक्षित ठरतात. तबकड्या विकत घेणे सोपे असते. त्यांवर लक्ष ठेवण्यासाठी माणूस नेमणे संस्थांना जड जाते. हे गणित त्यांनी एकदा मांडून पाहावे.

माहिती सुरक्षित असणे व ती हाती येणे यांतही भेद आहे. तबकडी शाबूत असूनही तिला जोडलेला सर्व्हर बंद असेल, तर दारात उभ्या असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा. शेकडा ९९ वेळ चालू राहणारा सर्व्हर ऐकावयास उत्तम वाटतो. पण वर्षात तो साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहतो. असे दोन स्वतंत्र सर्व्हर ठेवून एक बंद पडताच दुसऱ्याने काम उचलावे अशी सोय केल्यास, दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षात सुमारे ५३ मिनिटांवर येतो.

घनपाठी आणि तबकड्या

पूर्ण प्रत ठेवणे हा अतिरिक्ततेचा सर्वांत साधा प्रकार आहे. पण तो महागही आहे. तेवढ्याच माहितीस दुप्पट वा तिप्पट जागा लागते. थोड्या जागेत अधिक रक्षण साधण्याची युक्ती म्हणजे माहितीच्या अंगातच तपासणीची खूण गुंफणे.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपाठकांना लेखनाचा आधार न घेता ऋचा पिढ्यान्‌पिढ्या निर्दोष राखावयाच्या होत्या. त्यांनी पदांचे क्रम बांधले. पदांना १, २, ३, ४ असे अंक दिले, तर क्रमपाठात १-२, २-३, ३-४ असे म्हणतात. आतील प्रत्येक पद दोनदा, एकदा मागच्याशी व एकदा पुढच्याशी जोडून, उच्चारले जाते. जटापाठात १-२, २-१, १-२ अशी उलटसुलट वीण येते. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असा क्रम लागतो. एखादे पद गळले किंवा जागा चुकले, की वीण तेथेच उसवते आणि म्हणणाऱ्याच्याच नव्हे, ऐकणाऱ्याच्याही ते ध्यानात येते. महाराष्ट्रात घनपाठी ही पदवी आजही आदराने घेतली जाते. तिच्यामागे पाठांतराच्या शक्तीबरोबर दोषशोधनाची ही पद्धतही आहे.

संगणकशास्त्रात बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक शोधून ती आपोआप दुरुस्त करणाऱ्या संकेतांवर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या या विचाराचा उगम वैतागात होता. सुट्टीच्या दिवशी यंत्रावर गणिते लावून जावे, तर यंत्राला चूक आढळताच ते काम टाकून देई. यंत्रास चूक कळते, तर ती कोठे आहे हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला.

साठवणुकीत सर्वांत अधिक वापरला जाणारा संकेत समता-अंकाचा होय. तीन तबकड्यांवर पुढील अंक लिहिले आहेत असे समजा. संगणकाचे अंक ० व १ एवढेच असतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.

पहिली तबकडी : १ ० १ १
दुसरी तबकडी : ० १ १ ०
तिसरी तबकडी : १ १ ० ०

आता चौथी तबकडी घ्यावी व प्रत्येक उभ्या रकान्यातील १ या अंकांची एकूण संख्या सम होईल असा अंक तिच्यावर लिहावा. पहिल्या रकान्यात १ हा अंक दोनदा आला आहे, म्हणून ०. दुसऱ्यात व तिसऱ्यातही दोनदाच, म्हणून तेथेही ०. चौथ्या रकान्यात तो एकदाच आहे, म्हणून १. चौथ्या तबकडीवर ० ० ० १ असे लिहिले गेले.

दुसरी तबकडी जळाली असे समजा. उरलेल्या तिन्हींचे पहिले रकाने पाहिले तर १, १ व ० आहेत. संख्या आधीच सम आहे, तेव्हा गेलेला अंक ० होता. दुसऱ्या रकान्यात ०, १, ०. सम होण्यास १ हवा. तिसऱ्यात १, ०, ०, पुन्हा १. चौथ्यात १, ०, १, म्हणून ०. गेलेली ओळ ० १ १ ० ही अक्षरशः परत मिळाली. तीन तबकड्यांच्या माहितीसाठी एकच तबकडी अधिक लागली. पूर्ण प्रती ठेवल्या असत्या तर तीन लागल्या असत्या. पहिली, तिसरी किंवा स्वतः चौथी तबकडी गेली तरी हीच रीत लागू पडते. विद्यार्थ्यांनी आपल्या मनाचे अंक घेऊन हा प्रयोग पाटीवर करून पाहावा. पाच मिनिटे पुरतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध वाचला. एका अवाढव्य व महाग तबकडीऐवजी अनेक लहान व स्वस्त तबकड्या एकत्र बांधाव्यात आणि त्यांचे वाढीव बिघाड अशा समता-अंकांनी व प्रतींनी झाकावेत, असे त्यात सुचविले होते. आज कार्यालयांतील साठवणयंत्रांत सर्रास दिसणारी रचना ती हीच.

तरीही समता-अंकास दोन मर्यादा आहेत. कोणती तबकडी गेली हे माहीत असेल तरच ती भरून काढता येते. एखादी तबकडी चालू राहून गुपचूप चुकीचा अंक सांगू लागली, तर रकाना विषम झाला एवढेच समजते, खोटे कोण बोलत आहे ते समजत नाही. त्यासाठी प्रत्येक तुकड्यास निराळी पडताळ-संख्या जोडावी लागते. दुसरे असे की, ही रचना एकाच तबकडीचा वियोग सोसते. नवी तबकडी बसवून तिच्यावर हरवलेली माहिती पुन्हा उभी करावयाची, तर उरलेल्या सर्व तबकड्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. आजच्या प्रचंड तबकड्यांच्या बाबतीत या कामास अनेक तास, प्रसंगी काही दिवस लागतात. नेमक्या त्याच वेळी जुन्या तबकड्यांवर ताण वाढलेला असतो.

दोन किंवा अधिक तबकड्या जाण्याची तयारी ठेवावयाची, तर १९६० साली रीड व सॉलोमन यांनी मांडलेला संकेत उपयोगी पडतो. त्यामागील कल्पना शाळेच्या भूमितीतच आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ३ व ५ या दोन संख्या जपावयाच्या आहेत असे समजा. आलेखावर पहिल्या स्थानी ३ व दुसऱ्या स्थानी ५ अशा उंचीचे बिंदू मांडून रेषा काढली व पुढे वाढविली, तर तिसऱ्या स्थानी ७ व चौथ्या स्थानी ९ येतात. चारही संख्या चार तबकड्यांवर ठेवाव्यात. आता कोणत्याही दोन तबकड्या जाऊ द्या. उरलेल्या ७ व ९ असतील तर एकेका पावलास २ चा उतार आहे हे कळते व मागे येत ५ आणि ३ सापडतात. ३ व ९ उरल्या तरी तीच रेषा पुन्हा काढता येते. दोनांऐवजी दहा संख्या घेतल्या तर सरळ रेषेच्या जागी वक्ररेषा येते, एवढाच फरक. फेसबुक या कंपनीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छायाचित्र-साठवणीच्या रचनेत दहा तुकड्यांस चार जादा तुकडे जोडले होते. चौदांपैकी कोणतेही चार गेले तरी चालते, आणि जादा जागा शेकडा चाळीसच लागते. तीन पूर्ण प्रतींस ती शेकडा दोनशे लागली असती आणि त्या दोनच बिघाड निश्चितपणे सोसू शकल्या असत्या. मात्र संकेताने साठविलेला तुकडा परत उभा करण्यास दहा ठिकाणी विचारावे लागते, तर प्रत एका ठिकाणाहून उचलता येते. म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीच्या प्रती ठेवतात व क्वचित लागणारी संकेताने राखतात.

प्रती स्वतंत्र असल्या पाहिजेत

वरील सर्व गणितात ‘बिघाड परस्परांशी संबंध नसलेले’ हे शब्द येऊन गेले आहेत. खरी अडचण तेथेच आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले व १९६६ साली पुरे केले. त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासण्यात आली. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता तो हस्तलिखितांच्या संख्येचा नव्हता. एकाच पोथीवरून उतरविलेल्या शंभर पोथ्या असतील, तर मूळ पोथीतील चूक शंभर ठिकाणी दिसेल; त्या शंभरांचे साक्ष म्हणून मोल एकाइतकेच. याउलट काश्मिरातील शारदा लिपीतील पोथी आणि केरळातील मल्याळम लिपीतील पोथी, ज्यांचा एकमेकींशी संपर्क येण्याचा संभव कमी, त्या एखाद्या पाठावर एकमत झाल्या तर ती साक्ष फार वजनदार. प्रतींची संख्या नव्हे, तर त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य मोजावयाचे असते.

साठवणुकीच्या जाळ्यात हे स्वातंत्र्य अनेक रीतींनी नकळत हरवते. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून आलेल्या तबकड्यांत एकच दोष असू शकतो. सर्व्हरला दोन वीजपुरवठे जोडावे आणि दोन्ही तारा भिंतीआडून एकाच रोहित्राकडे जाव्यात, हा प्रकार तर नेहमीचा. माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा दोन निराळ्या कंपन्यांच्या असूनही रस्त्याखालील एकाच चरातून गेलेल्या असतात, आणि पाण्याचा नळ दुरुस्त करणाऱ्याची एक कुदळ दोहोंचा निकाल लावते. नकाशावर दोन रेषा दिसल्या म्हणून समाधान मानू नये. त्या जमिनीत कोठून जातात ते पाहिले पाहिजे.

स्थानाचाही हाच न्याय आहे. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा खोऱ्यात झालेल्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मृत्यू पावली. चंडीगड त्याच हिमालयाच्या पायथ्याशी वसलेले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच इमारतीच्या तळमजल्यावर दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रती एका प्रतीइतक्याच असहाय असतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. तीत माणसे दगावली व अनेक खात्यांच्या फायली भस्म झाल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात विद्युत्घटांना आग लागून सहाशेंहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. तेथील सरकारी नोकरांची कामकाजाची कागदपत्रे ज्या सामाईक साठवणीत होती, तिचे आकारमान ८५८ टेराबाइट होते. इतकी मोठी साठवण दुसरीकडे उतरविणे अवघड म्हणून तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. ती संपूर्ण गेली. कोरिया हा संगणकविद्येत मागासलेला देश नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळेल.

मग प्रती जितक्या दूर तितक्या बऱ्या, असे म्हणावे काय? अंतराची किंमत काळात द्यावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चंडीगड ते पुणे हे सरळ अंतर सुमारे १,४०० किलोमीटर धरले, तर निरोप जाऊन पोच येण्यास सेकंदाचे निदान १४ सहस्रांश भाग लागतात. प्रत्यक्ष तारेची वळणे धरता त्याहून अधिक. प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी उमटल्यावाचून पुरी झाली असे मानावयाचे नाही, असा नियम केला तर दर नोंदीस एवढे थांबणे आले. न थांबता मागाहून प्रत पाठवावयाचे ठरविले तर काम वेगाने चालते. पण मध्येच चंडीगड बंद पडल्यास शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी पुण्यास पोचलेल्या नसतात. बँकेला पहिली रीत पत्करावी लागते. ग्रंथालयास दुसरी पुरते.

दोन केंद्रांमधील दुवाच तुटला, तर आणखी एक पेच उभा राहतो. दोन्ही केंद्रे जिवंत आहेत. पण दुसरे मेले असे प्रत्येकास वाटते, व दोन्ही नव्या नोंदी घेऊ लागतात. एका खातेवहीच्या दोन वह्या होतात आणि पुढे त्या जुळत नाहीत. यावर उपाय म्हणून तिसरे केंद्र ठेवतात व बहुमताचा नियम करतात. तिघांपैकी दोघांनी लिहून घेतल्याशिवाय नोंद पक्की नाही. वाचतानाही दोघांना विचारावयाचे. लिहिणारे दोघे आणि वाचणारे दोघे यांची बेरीज तीनपेक्षा अधिक असल्याने एक तरी केंद्र दोहोंत सामाईक असणारच, आणि ताजी नोंद त्याच्याकडे सापडणारच. एकटे पडलेले केंद्र बहुमतात नसल्याने नवी नोंद घेण्याचे नाकारते. काही लोकांची गैरसोय होते खरी. खोटी नोंद मात्र होत नाही.

आरशाने भागत नाही

आतापर्यंत वर्णिलेल्या सर्व योजना यंत्राच्या बिघाडाविरुद्ध आहेत. मनुष्याच्या चुकीविरुद्ध आणि दुष्टपणाविरुद्ध त्या निरुपयोगी होत, ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. कर्मचाऱ्याने चुकून एखादी नोंद पुसली, तर तीन केंद्रांतून ती त्याच क्षणी इमानेइतबारे पुसली जाते. आरसा समोरचे दाखवितो. कालचे दाखवीत नाही. म्हणून चालू प्रतींखेरीज, ठराविक मुदतीने काढलेली, चालू जाळ्यापासून अलग ठेवलेली आणि नंतर बदलता न येणारी अशी राखीव प्रत लागतेच.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला होऊन तेथील नोंदी कुलूपबंद केल्यासारख्या झाल्या. नावनोंदणी, तपासण्यांचे निष्कर्ष, भरती व सुट्टी ही सारी कामे सुमारे दोन आठवडे हाताने लिहून करावी लागली. पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या रुग्णांस याची झळ लागली. परंतु त्या नोंदी कायमच्या गेल्या नाहीत. हल्ल्याची बाधा न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णालय-व्यवस्थेची सर्व माहिती परत मिळविण्यात आली, असे शासनाने पुढे संसदेत सांगितले. त्या सर्व्हरवर ती बाधा पोचली असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

शाळांस व सार्वजनिक ग्रंथालयांस एवढ्या मोठ्या योजना झेपण्यासारख्या नाहीत, आणि त्यांची आवश्यकताही नाही. त्यांच्यासाठी संगणकविद्येच्या व्यवसायात एक सोपा संकेत रूढ आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीची एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर, दुसरी सुट्या तबकडीवर उतरवून ती एरवी विलग ठेवलेली, आणि तिसरी तालुक्याच्या गावी सहयोगी संस्थेकडे किंवा जाळ्यावरील भाड्याच्या साठवणीत, इतकी तजवीज थोड्या खर्चात होते. दोन ग्रंथालयांनी एकमेकांच्या प्रती सांभाळण्याचा करार केला तर तो खर्चही वाचतो.

एवढे करूनही एक काम उरते व ते सर्वांत अधिक टाळले जाते. राखीव प्रत उघडून पाहणे. वर्षानुवर्षे नेमाने उतरविलेली प्रत गरजेच्या दिवशी वाचता येत नाही, असा अनुभव दुर्मीळ नाही. मोठ्या साठवणयंत्रांत म्हणूनच, कोणी मागितले नसतानाही, सर्व तबकड्या ठराविक काळाने आपोआप वाचून पडताळ-संख्यांशी ताडल्या जातात. सडलेला तुकडा आढळल्यास शाबूत प्रतीवरून तो लगेच भरला जातो.

सूक्ष्मजीवांच्या संग्रहांत हेच काम हाताने चालते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहास २०११ साली बुडापेस्ट करारान्वये मान्यता मिळाली व चंडीगडपाठोपाठ भारतात दुसरी ठेव-संस्था झाली. दोहोंनाही करारातील एकच नियम लागू आहे. ठेवलेला वाण जिवंत आहे की नाही, हे ठेव स्वीकारताच तपासावयाचे आणि त्यानंतर योग्य अंतराने पुन्हा तपासावयाचे. त्यासाठी कुपीतील कोरडी भुकटी पोषक द्रवात सोडतात, वाण वाढतो किंवा नाही ते पाहतात, आणि जे आढळेल त्याचा दाखला लिहून ठेवीदाराकडे पाठवितात.